नकाशा आडवा, हवा उभी

बाईंनी टेबलावर एकच कागद ठेवला. ५०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) या पातळीवरच्या हवेचा नकाशा, वरची तारीख पेनानं खोडलेली. "सांग, वादळ कुठे होईल?"

मी काही महिने वाचून, व्हिडिओ बघून, वह्या भरून गेलो होतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, जिथे सगळ्यात दाटीवाटीनं धावत होत्या तिथे मी ठामपणे बोट टेकवलं. "इथे. वारा इथे सगळ्यात जोरात आहे."

"तिथे खाली जमिनीवर बर्फ आहे," बाई म्हणाल्या. "हवेत ओलावा नावाला नाही. वादळ कशाचं करणार आहेस?"

माझ्या शिक्षणाची सुरुवात अशी झाली. बाई निवृत्त हवामान अधिकारी. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी विमानांसाठी अंदाज देण्यात आणि नकाशे रंगवण्यात घालवली. अजूनही त्या हेक्टोपास्कलला मिलिबारच म्हणतात (आकडा तोच असतो, नाव बदललं एवढंच). मला गडगडाटी वादळांचं वेड होतं, आणि अंदाज कसा काढतात ते शिकायचं होतं. मला वाटत होतं की नकाशात वादळाची जागा कुठेतरी दडलेली असते आणि जाणकाराला ती दिसते. ही समजूत जायलाच सर्वांत जास्त वेळ लागला.

पहिली अडचण अगदी मुळातली होती. जमिनीवरच्या हवामानाच्या नकाशात समुद्रसपाटीवरचा दाब दाखवलेला असतो, तो समजायला सोपा. वरच्या हवेचे नकाशे उलटे चालतात. इथे दाब ठरलेला, आणि तो किती उंचीवर सापडला ते लिहिलेलं. ८५० चा नकाशा म्हणजे साधारण दीड किलोमीटर, ७०० म्हणजे तीन, ५०० म्हणजे साडेपाचच्या आसपास, ३०० म्हणजे नऊ किलोमीटरच्या वर. पण 'साधारण'च. गरम हवा फुगते, थंड हवा आक्रसते. म्हणून ५०० चा पृष्ठभाग उष्ण प्रदेशावर ५८८० मीटरपर्यंत चढतो आणि थंड हवेच्या डबक्यावर ५४०० च्याही खाली उतरतो. म्हणजे तो डोंगर-दऱ्यांचाच नकाशा झाला. दरीला द्रोणी किंवा ट्रफ म्हणायचं, डोंगराच्या सोंडेला रिज. वारा या डोंगरावरून खाली घरंगळत येत नाही, तो उताराला आडवा, समोच्च रेषांना धरून वाहतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी उंचीची बाजू डाव्या हाताला येते. दक्षिणेत उजव्या हाताला. बाइस बॅलॉट यांनी १८५७ साली जमिनीवरच्या दाबाबद्दल सांगितलेला हा नियम वरती जास्तच चोख पाळला जातो, कारण तिथे जमिनीचं घर्षण नसतं.

हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरली. अंगात मुरायला दोन महिने लागले. कारण डोळा सारखा 'रेषा म्हणजे दाब' असंच वाचत राहतो.

मग ठाण्यांवरचे आकडे. नकाशावर प्रत्येक निरीक्षण केंद्राच्या टिंबाभोवती चार-पाच आकड्यांचा झुबका असतो. डावीकडे वर तापमान, उजवीकडे वर उंची, उजवीकडे खाली बारा तासांत उंचीत झालेला फरक. वाऱ्याचा बाण दिशा सांगतो, त्याच्या शेपटीवरची अर्धी काडी म्हणजे ५ नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण काडी १०, भरीव त्रिकोण ५०. उंचीचे आकडे तोडून लिहिलेले असतात. ८५० वर ४५६ म्हणजे १४५६ मीटर, ७०० वर ०९१ म्हणजे ३०९१, आणि ५०० वर ५६४ म्हणजे ५६४० मीटर, कारण तिथे शेवटचं शून्य गाळलेलं. पहिल्या आठवड्यात मी ५६४ मीटरवर उणे १८ अंश तापमान वाचून अचंबित झालो होतो.

पण माझी खरी फजिती झाली डावीकडच्या खालच्या आकड्यानं. मी त्याला दवबिंदू समजत होतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा. त्या नकाशांत तिथे तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर लिहिलेलं असतं. वर १४, खाली २ असेल तर दवबिंदू १२ अंश, म्हणजे ८५० वर घसघशीत ओलावा. मी ते '२ अंश, कोरडं' असं वाचून पुढे जात होतो. उलट जिथे २४ लिहिलेलं असे तिथे मला ओलाव्याचा समुद्र दिसे. पंधरा दिवस मी वाळवंटांना दमट आणि दमट किनाऱ्यांना वाळवंट ठरवत होतो. बाईंनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. शेवटी एका ठाण्यावर तापमान १९ आणि 'दवबिंदू' २४ आला तेव्हा माझी ट्यूब पेटली. दवबिंदू तापमानाच्या वर जाऊच शकत नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवसांत असं ठाणं एकदाच आलं होतं का?" नव्हतं. रोज येत होतं. मी बघत नव्हतो. (शिवाय टिंब काळं भरलेलं असेल तर अंतर ५ अंश किंवा कमी, ही खूण त्या नकाशांवर ढळढळीत असते. तीही मला छपाईची शाई वाटली होती.)

हे आकडे येतात फुग्यांमधून. जगभरातली शेकडो केंद्रं दिवसातून दोनदा, ०००० आणि १२०० या जागतिक वेळांसाठी, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडतात. फुग्याला टांगलेलं रेडिओसोंड नावाचं छोटं यंत्र तापमान, आर्द्रता आणि स्वतःची जागा कळवत वर जातं. १९३० च्या जानेवारीत पावेल मोलचानोव्ह यांनी सोव्हिएत रशियात असं यंत्र उडवलं होतं, फ्रान्समध्ये रोबेर ब्युरो त्याआधी वर्षभर त्याच खटपटीत होते. फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो. म्हणजे ५०० च्या पातळीला पोचायला वीसेक मिनिटं आणि तीस किलोमीटर गाठायला दीड तासाच्या वर. मधल्या काळात वाऱ्यानं तो कुठल्या कुठे जातो. तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली एकच एक वेळ आणि टिंबाची एकच एक जागा, दोन्ही सोयीसाठी मानलेल्या गोष्टी आहेत. ही गोष्ट मला तेव्हा क्षुल्लक वाटली.

बाईंची एक अट होती. संगणकानं काढलेल्या रेषा बघायच्या नाहीत. कोऱ्या नकाशावर फक्त आकडे, आणि रेषा आपण काढायच्या, पेन्सिलनं. ८५० आणि ७०० वर तीस-तीस मीटरला, ५०० वर साठला, ३०० वर एकशेवीसला. मग समताप रेषा (सारख्या तापमानाच्या) लाल, ओलावा हिरवा, कोरडी जीभ तपकिरी, जोराच्या वाऱ्याचा पट्टा जांभळा. मला हे हस्तकलेच्या तासासारखं वाटलं. संगणक एका क्षणात करतो ते मी दीड तास का करायचं? कुरकुर केली तर बाई म्हणाल्या, "संगणकाला रेषा काढायला वेळ लागत नाही, म्हणून तुला ती बघायलाही वेळ लागत नाही."

एका ठाण्याला रेषेच्या या बाजूला ठेवायचं की त्या बाजूला, हे ठरवताना त्या ठाण्याचा वारा बघावाच लागतो, शेजाऱ्याशी ताडून पाहावाच लागतो. अशी तीस-चाळीस ठाणी झाली की प्रदेश ओळखीचा होतो. शिकण्यासाठी आम्ही बहुतेक अमेरिकेतल्या मधल्या मैदानांचे जुने दिवस घेत होतो. तिथे ठाणी भरपूर, जुन्या नोंदी सर्वांना खुल्या, आणि दुपारनंतर काय झालं ते तपासता येतं.

आणि हातानं रंगवलेल्या नकाशांचा एक इतिहासही तिथलाच आहे. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नाडो येऊन विमानांचा चुराडा करून गेला. तळावरचे दोन हवामान अधिकारी, मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर, यांना वरिष्ठांनी विचारलं की हे आधी सांगता येईल का ते बघा. दोघांनी जुन्या टोर्नाडोंच्या दिवसांचे नकाशे काढून साम्यं शोधली. पाचच दिवसांनी, २५ तारखेला, सकाळचे नकाशे पाहून त्यांना २० तारखेचीच आठवण झाली. दुपारी त्यांनी इशारा दिला आणि संध्याकाळी त्याच तळावर दुसरा टोर्नाडो आला. एकाच जागी पाच दिवसांत दोनदा येणं हा निव्वळ योगायोग. पण त्यांनी जे पाहिलं ते योगायोग नव्हतं. खालचा ओलावा, मधली कोरडी हवा, वरचा जोराचा वारा एकमेकांवर कुठे येतात ते त्यांनी शोधलं होतं. पुढे मिलर यांनी ही पद्धत हवाई दलाच्या 'टेक्निकल रिपोर्ट २००' मध्ये सविस्तर लिहिली. १९६७ साली तो निघाला, १९७२ साली सुधारून पुन्हा. सगळ्या थरांतल्या महत्त्वाच्या खुणा एकाच कागदावर आणायच्या, हा त्याचा गाभा.

बाईंकडे यासाठी ट्रेसिंग पेपर होते. ८५० चा नकाशा रंगवला की त्यावरची हिरवी जीभ ट्रेसिंगवर उतरवायची, मग तोच कागद ७०० वर ठेवायचा, मग ५०० वर. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी महिनाभर चार वेगवेगळी चित्रं वाचत होतो. नकाशे आडवे असतात. वादळ उभं असतं.

८५० मला लवकर जमला. तिथे दोन गोष्टी बघायच्या, ओलावा कुठून येतोय आणि वारा समताप रेषांना छेदून जातोय का. गरम बाजूकडून थंड बाजूकडे छेदत असेल तर उष्ण हवा आत घुसते आहे. वारा रेषांना समांतर असेल तर कितीही जोरात असला तरी तापमानाच्या दृष्टीनं तो येरझाऱ्या घालतोय. वसंतात मैदानांवर रात्री एक खालच्या थरातला जेट, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा अरुंद पट्टा, तयार होतो. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा निवते, घुसळण थांबते आणि तिच्यावरचा वारा घर्षणाच्या तावडीतून सुटतो. पहाटेच्या फुग्यात म्हणून ८५० वर ४०-५० नॉटचे बाण दिसतात. मी ते दुपारपर्यंत तसेच राहतील असं धरून चालायचो. दुपारी ऊन तापलं की घुसळण पुन्हा सुरू होते आणि तो वारा मंदावतो. पण रात्रभरात त्यानं शेकडो किलोमीटर ओलावा आणून ठेवलेला असतो, तो राहतो.

७०० चा नकाशा मला कंटाळवाणा वाटायचा. तिथे ठळक असं काही नसतं. मी तो भराभर उरकायचो, आणि माझे निम्म्याहून जास्त अंदाज तिथेच फसले.

५०० मात्र सगळ्यांचा लाडका. मोठ्या द्रोण्या, बंद वर्तुळं, बघायला भारदस्त. मी त्या मोठ्या वर्तुळांकडेच बघत राहायचो. बाईंनी बोट फिरवून उजवीकडच्या खालच्या आकड्यांवर आणलं. "बारा तासांत उंची कुठे पडली ते बघ. मोठं वर्तुळ तीन दिवस तिथेच बसलंय. हा उणे सहा कालपर्यंत नव्हता." उणे सहा म्हणजे साठ मीटर. समोच्च रेषेत जेमतेम एक पोक आलेला, पण छोटी द्रोणी, म्हणजे शॉर्टवेव्ह, तिथून धावत होती. तिच्या पुढ्यात हवा वर उचलली जाते. द्रोणीचा अक्ष वायव्येकडून आग्नेयेकडे कललेला असेल तर जास्त सावध व्हायचं, कारण तेव्हा वरची थंड हवा खालच्या उबदार हवेच्या डोक्यावर सरकत असते.

३०० किंवा २५० वर जेट. थंडीत आणि वसंतात ३०० बघायचा, उन्हाळ्यात जेट उंच सरकतो म्हणून २५० किंवा २००. जेटच्या आत जास्त वेगाचा एक तुकडा असतो, त्याला स्ट्रीक म्हणतात. सरळ वाहणाऱ्या जेटमध्ये त्याच्या प्रवेशाची उजवी आणि निर्गमनाची डावी बाजू, या दोन ठिकाणी वरची हवा फाकते आणि खालची वर ओढली जाते. मी ते 'आत उजवा, बाहेर डावा' असं घोकलं. मग प्रत्येक नकाशावर चौकोन आखून वादळं वाटत सुटलो. जेट वळलेला असेल तर हे चार चौकोन पुसट होतात, हे घोकंपट्टीत नव्हतं.

दरम्यान मला वादळाची शक्यता एका आकड्यात सांगणाऱ्या निर्देशांकांचा नाद लागला. आकडा मिळाला की बरं वाटतं. ८५० वर १८ अंश, दवबिंदू १३, ५०० वर उणे १४. दोन्हींतला फरक ३२ अंश, साधारण सव्वाचार किलोमीटरमध्ये, म्हणजे किलोमीटरमागे साडेसात अंशांच्या आसपास. कोरडी हवा चढताना किलोमीटरला ९.८ अंशांनी निवते, त्या मानानं हा उतार चांगलाच तीव्र. 'टोटल टोटल्स' काढायचा तर ८५० चं तापमान आणि दवबिंदू यांच्या बेरजेतून ५०० च्या तापमानाची दुप्पट वजा करायची, ५९ येतो. पन्नाशीच्या वर गेला की डोळे विस्फारायचे. त्याच दिवशी 'के' निर्देशांक काढला तर तो जेमतेम तिशीत. मी गोंधळलो. खरा कोण? 'के'मध्ये ७०० वरच्या कोरडेपणाची वजाबाकी असते, आणि त्या दिवशी ७०० वर पंधरा अंशांचं अंतर होतं. भरपूर पावसाच्या साध्या गडगडाटासाठी कोरडा थर वाईट. गारा आणि विध्वंसक वाऱ्यांच्या वादळाला मात्र मध्ये कोरडी हवा अनेकदा मानवते, पाऊस त्यात बाष्प होऊन हवा निवते आणि धाडकन खाली कोसळते. दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होते. मी कुठला प्रश्न विचारतोय ते मला ठाऊक नव्हतं.

रोज एक दिवस असा क्रम होता. तारीख झाकलेली, सकाळचे चार नकाशे, मी अंदाज लिहायचा, मग बाई त्या दिवशीच्या नोंदी उघडायच्या. सुरुवातीचे आठ-दहा दिवस माझा अंदाज बहुतेक वेळा 'मोठी वादळं' असाच, आणि बहुतेक वेळा बरोबर. मी फुशारलो. मग लागोपाठ पाच दिवस मी 'मोठी वादळं' लिहिलं आणि पाचही दिवस आकाश निरभ्र राहिलं. गारा नाहीत, वीज नाही. मी बाईंना म्हणालो की नोंदी अपुऱ्या असतील.

"नोंदी ठीक आहेत. आधीचे दिवस मी पुस्तकातले दिले होते. पुस्तकात नाव काढलेलेच दिवस असतात. हे नुसते दिवस आहेत."

मग त्यांनी तेच पाच दिवस पुन्हा काढायला लावले. चार दिवसांत एकच गोष्ट होती. ७०० वर १२-१३ अंश. वरच्या तापलेल्या, कोरड्या पठारांवरची गरम हवा वाऱ्याबरोबर मैदानावर येते आणि दमट थरावर झाकणासारखी बसते. याला कॅप म्हणतात. खालून उठलेला हवेचा गोळा तिथे पोचला की आजूबाजूपेक्षा थंड ठरतो आणि परत खाली येतो. खाली कितीही ओलावा आणि वर कितीही थंडी असो, झाकण उघडलं नाही तर काहीच होत नाही. आणि याच झाकणामुळे मोठी वादळंही होतात, कारण दिवसभर ऊर्जा साचते आणि झाकण एखाद्याच ठिकाणी उडतं. १२ अंश हा काही कायदा नाही. ऋतू बदलला, जमिनीची उंची बदलली की तो आकडाही बदलतो. पण खूण म्हणून चांगला. ज्या नकाशाला मी कंटाळवाणा म्हणत होतो त्यातच 'नाही' लिहिलेलं होतं.

यानंतर मी उलट्या टोकाला गेलो. प्रत्येक दिवशी कॅप दिसायची. 'झाकण पक्कं, वादळ नाही.' अशा नादात एक दिवस आला. ५०० ची द्रोणी अजून बरीच पश्चिमेला, मैदानावर उंचीत फार पडझड नाही, जमिनीवरच्या नकाशात कोरड्या आणि दमट हवेच्या सीमेवर वारे एकमेकांकडे फारसे येतही नव्हते. मी लिहिलं, 'किरकोळ शक्यता.' बाईंनी तारीख उघडली. ३ मे १९९९.

त्या दुपारपासून ओक्लाहोमा आणि शेजारच्या भागात साठाहून अधिक टोर्नाडो झाले. त्यातला मूर गावाचा एफ-५, म्हणजे तीव्रतेच्या सर्वांत वरच्या दर्जाचा होता. त्यात ३६ माणसं गेली, आणि फिरत्या रडारनं त्यातला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास मोजला. मी बराच वेळ गप्प होतो. बाईंनी मग सांगितलं की त्या दिवशी सकाळी तिथल्या राष्ट्रीय वादळ केंद्रानंही धोका सर्वांत खालच्या 'स्लाइट' पातळीवरच ठेवला होता. दुपारपर्यंत तो 'मॉडरेट' आणि मग 'हाय' झाला. का? कारण न्यू मेक्सिकोतल्या टुकुमकारीच्या वारामापक रडारवर मधल्या थरात जोराचा वारा येताना दिसला. दोन ठाण्यांच्या मध्ये आणि दोन फुग्यांच्या मध्ये तो लपला होता. सकाळच्या नकाशात तो नीट पकडलाच गेला नव्हता.

फुगा कुठे वाहत जातो आणि नकाशाची वेळ किती खरी, ही क्षुल्लक वाटलेली गोष्ट इथे परत आली. बारा तास आणि तीन-चारशे किलोमीटर. एवढ्या जाळीतून काय काय निसटू शकतं ते नकाशावर दाखवलेलं नसतं.

त्यानंतर आम्ही एकेका ठाण्याच्या उभ्या छेदाकडे, साउंडिंगकडे वळलो. स्क्यू-टी कागदावर तापमानाची आणि दवबिंदूची अशा दोन रेषा खालून वर जातात. हा कागद पाहिल्याबरोबर डोकं गरगरतं. पाच प्रकारच्या रेषा, तिरप्या, वाकड्या, तुटक. पण नकाशे ट्रेसिंगवर एकावर एक ठेवून झालेले असल्यानं मला तो अनोळखी वाटला नाही. कॅप तिथे तापमानाच्या रेषेत उजवीकडे आलेल्या नाकासारखी दिसते. वर चढणारा हवेचा गोळा आजूबाजूपेक्षा गरम असतो तो भाग मोजला की केप, म्हणजे वादळाला वर चढायला मिळणारी ऊर्जा, मिळते. केप २००० जूल प्रतिकिलो असेल तर तिच्या दुपटीचं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ६३ मीटर, हा वर जाणाऱ्या झोताचा कागदावरचा कमाल वेग. प्रत्यक्षात बाहेरची हवा मिसळते, पाणी आणि गारांचं वजन असतं, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाला तरी पुष्कळ.

आणि वारा. जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्यात सेकंदाला वीस मीटर किंवा जास्त फरक असेल तर वादळ स्वतःभोवती फिरू लागण्याची आणि तासन्‌तास टिकण्याची तयारी असते. नसेल तर केप कितीही असो, ढग स्वतःच्याच पावसात बुडून जातो. उंचीबरोबर वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळत गेला, खाली आग्नेयेचा, मध्ये नैऋत्येचा, वर पश्चिमेचा, तर उत्तर गोलार्धात ती उष्ण हवा येत असल्याची खूण असते, आणि फिरत्या वादळासाठीही तेच अनुकूल. हे ८५० आणि ५०० चे बाण शेजारी ठेवूनही दिसतं. मी कित्येक महिने दोन्ही बाण बघत होतो, शेजारी ठेवत नव्हतो.

परवाचा एक दिवस सांगतो. पुन्हा तारीख झाकलेली. हिरवी जीभ रुंद, दवबिंदू चांगला, ५०० वर उंची पडतेय, जेटची डावी बाहेर जाणारी बाजू नेमकी वर येतेय. फक्त ७०० वर १३, १२, १३. झाकण. आणि मधोमध एका ठाण्यावर ७. मला आनंद झाला. झाकणाला भोक! मी समताप रेषा त्या ठाण्याभोवती खाली ओढली, तिथे एक थंड खिसा तयार झाला आणि तिथेच वादळ फुटणार असं लिहायला घेतलं.

मग थांबलो. वारा बघितला. शेजारच्या ठाण्यांसारखाच, नैऋत्येचा. या वाऱ्यातून सहा अंश थंड हवा आली कुठून? वाऱ्याच्या मागच्या ठाण्यावर १३ आहे. बाईंकडे त्या ठाण्याचं साउंडिंग मागितलं. ७०० च्या जरा खालपर्यंत तापमान आणि दवबिंदू एकमेकांना चिकटलेले, म्हणजे फुगा ढगातून गेलेला. ढगाबाहेर पडल्याबरोबर तापमान कोरड्या उतारापेक्षाही जास्त वेगानं खाली घसरलेलं, आणि थोडं वर गेल्यावर एकदम उडी मारून शेजाऱ्यांच्या रेषेला येऊन मिळालेलं. जुन्या उपकरणांत हे व्हायचं. ढगातून ओला झालेला संवेदक कोरड्या हवेत आला की त्यावरचं पाणी उडून जाताना तो गार पडतो, आणि हवेचं नाही तर स्वतःच्या ओलेपणाचं तापमान सांगतो.

मी ७ च्या भोवती गोल करून त्यावर काट मारली. समताप रेषा सरळ केली. अंदाजात लिहिलं, 'संध्याकाळपर्यंत झाकण टिकेल. त्यानंतर ५०० ची द्रोणी आली तर कोरड्या-दमट हवेच्या सीमेच्या उत्तर टोकाला एखादंच वादळ, पण मोठं.'

बाईंनी माझा कागद घेतला, चष्मा वर करून साउंडिंग पाहिलं. मग स्वतःच्या फाइलमधून त्याच दिवसाचा, पूर्वी कधीतरी स्वतः रंगवलेला नकाशा काढला. त्यावर त्या ठाण्याभोवती लाल पेन्सिलनं काढलेला छोटासा थंड खिसा होता.

"खोडरबर दे," त्या म्हणाल्या.